पुढचा सेट

दौंडच्या रेल्वे कॉलनीत प्रत्येक बाईला कसली ना कसली हौस होती. कुणाला पितळी डब्यांची, कुणाला क्रोशाच्या रुमालांची. मला आवाजाची होती. गाण्याची होती असं म्हटलं असतं तर चारचौघींत शोभलं असतं, पण ते खरं नाही. गाणं मला कुठलंही चालायचं. त्यातला तबला तबल्यासारखा वाजतो की डब्यासारखा, गाणारीचा सूर वर गेला की पत्रा थरथरल्यासारखा होतो का, एवढ्याकडेच माझे कान असायचे. काही कमी सापडलं की मला चैन पडत नसे. आणि कमी सापडायचंच.

ही खोड माहेरची. शिरूरला माझ्या वडिलांचा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड वाजवायचं एक यंत्र आणि बॅटऱ्या, एवढ्या सामानावर त्यांनी आजूबाजूच्या गावांतली लग्नं आणि जत्रा वाजवल्या. एप्रिलमध्ये जयंतीला दोन्ही भोंगे आमच्याच वस्तीत लागायचे आणि ते फुकट. त्या दिवशी कुणाचंही लग्न असो, आबा सुपारी घेत नसत. मी दहा वर्षांची असताना सुई बदलायला शिकले आणि बाराव्या वर्षी तुटलेली वायर सोल्डर करायला. भोंगा निंबाच्या कुठल्या फांदीला बांधला की आवाज शाळेच्या भिंतीवर आपटून परत येत नाही, हे मला आबांच्या आधी कळायचं.

पण आबांचा स्वत:चा ॲम्प्लिफायर वर्षानुवर्षं एकच. त्यातलं जे जळेल ते बदलायचे, बाकीच्याला हात नाही. कुणी नवीन मॉडेलचं नाव काढलं की म्हणायचे, "चालतंय न्हवं? मग गप बसा." हा गुण मी घेतला नाही.

लग्न होऊन दौंडला आले. नवरा मालगाडीवर गार्ड. मालगाडीच्या गार्डला वेळापत्रक नसतं. गाडी तयार व्हायला आली की स्टेशनातून कॉलमन यायचा, दाराची कडी वाजवायचा, नाव घेऊन हाक मारायचा आणि कॉलबुकात सही घेऊन जायचा. सही केली की दोन तासांत ड्यूटीवर हजर. हा कॉल आंघोळीच्या वेळी येई, जेवताना येई, पाहुणे बसलेले असताना येई. आणि गाडीच्या शेवटच्या डब्यात दिवसभर हादरे खाऊन आलेला माणूस घरी झोपला की लाकडासारखा झोपायचा. त्याला कडी काय, शेजारी भांड्यांची चळत पडली तरी ऐकू यायची नाही. म्हणून आमच्या कॉलनीत एक रीत होती, कुठे लिहिलेली नव्हती, पण कुणी मोडत नसे. पुरुषाने झोपायचं, बाईने ऐकायचं. दळण आणायला जायचं तरी शेजारणीला सांगून जायचं, "लक्ष ठेवा हं, आमचा कॉल यायचाय." 

दुसरी रीत अशी, की कुणाचा ना कुणाचा माणूस दिवसा झोपलेला असणारच, म्हणून दिवसा आवाज करायचा नाही. पोरं चेंडू घेऊन लांब यार्डाच्या कुंपणाकडे जायची. भाजीवाला कॉलनीत शिरला की ओरडणं बंद करून दारोदार फिरायचा. अशा ठिकाणी मी आवाजाची हौस घेऊन राहायला आले होते.

आबांनी लग्नात रेडिओ दिला होता. मोठा, लाकडी पेटीचा, तापायला वेळ घेणारा. त्यात एक बारीक गुणगुण होती. मी अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घातला, तांब्याची पट्टी पुरली आणि अर्थिंगची वायर जोडली. गुणगुण गेली. आठ दिवस बरे गेले. मग ती गेल्यामुळे आवाजातला घोगरेपणा ऐकू यायला लागला.

शिरूरला बाजारपेठेत रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं. दुकानदार पूर्वी आबांच्या हाताखाली काम केलेले मिस्त्री, मी त्यांना मामा म्हणायची. माहेरी गेले की माझी एक चक्कर तिथे ठरलेली. मामा जुना सेट ठेवून घ्यायचे आणि पुढचा द्यायचे. रेडिओ गेला, ट्रान्झिस्टर आला. ट्रान्झिस्टर पातळ वाजतो म्हणून गेला आणि रेकॉर्ड प्लेअर आला. यार्डात शंटिंग सुरू झालं की जमीन हलायची आणि प्लेअरची सुई उडायची, तर मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून प्लेअरच्या चारी पायांखाली घातले. उडणं थांबलं. मग एकाच पेटीतून सगळं येतं हे खुपायला लागलं आणि दोन पेट्यांचा सेट आला. न्हावऱ्यावरून, चौफुल्यावरून, पाटसवरून एसटीच्या धक्क्यात मी तो मांडीवर घेऊन आले. दर वेळी वाटायचं, हा शेवटचा.

शेजारी इंजिन ड्रायव्हरची बायको राहायची. राहूची, शेतकऱ्याघरची, बोलायला फटकळ. एकदा दारात उभी राहून म्हणाली, "वैनी, तुमच्याकडं गाणं कवा पुरं व्हतच न्हाई बघा. सुरू झालं की बंद, की परत पयल्यापासनं. आमच्या ह्यांना वाटतं, तुमची रेकॉर्डच फुटकी हाय."

"तपासत असते मी."

"काय तपासता?"

"आवाज."

"आन् गाणं कवा ऐकता?"

"सेट नीट झाला की."

"म्हंजी पोरं लग्नाला येतील तवा," म्हणाली आणि हसत पाणी भरायला गेली. मला राग आला, पण सापडलेल्या माणसाला येतो तसला.

आमचे हे यात पडत नसत. त्यांच्या डोक्यात त्या वर्षी एकच गोष्ट होती. पॅसेंजर गाडीवरच्या गार्डांची यादी लागायची होती. पॅसेंजर म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेली सुट्टी, घरी जेवण आणि माणसासारखी झोप. कॉल नाही. बरीच वर्षं ते त्याची वाट बघत होते आणि या खेपेला त्यांचा नंबर येण्यासारखा होता. फक्त त्यांच्या नावावर काही लागायला नको. एकही खुलासा नको, एकही चुकलेला कॉल नको. कॅलेंडरवर बोट ठेवून मला म्हणाले होते, "एवढे तीन-चार महिने सांभाळ."

सांभाळायचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. ऐकायचं.

पण माझं वेगळंच चाललं होतं. दोन पेट्यांचा सेट आणला खरा, आणि तो मोठा करता येत नव्हता. हे घरी असले की झोपलेले, हे नसले की शेजारचा ड्रायव्हर झोपलेला. चांगला सेट बारीक आवाजात ऐकणं म्हणजे पुरणपोळीचा वास घेऊन ताट परत करणं. मी खोलीत येरझाऱ्या घालायची, बटण एवढंसं वर करायची, खिडकीतून बाहेर बघायची आणि परत खाली आणायची.

मार्चमध्ये शिरूरला गेले तेव्हा हे मामांना सांगितलं.  मामांनी खालच्या कप्प्यातून एक खोका काढला. आत हेडफोन. दोन मोठ्या वाट्या, वर कातडी गादी. कुणीतरी परदेशातून आणलेला, पुण्याच्या गिऱ्हाइकाने विकायला ठेवलेला. तोवर असली वस्तू मी फक्त चित्रात पाहिली होती.

"ताई, हे लावा. फुडं कॉलनी झोपू द्या न्हाईतर मरू द्या."

"असं काय बोलता मामा?"

"आधी लावा तर."

मी लावला. काय ऐकलं ते आता सांगून उपयोग नाही. एवढंच सांगते, की सारंगीवाल्याचं बोट तारेवर घसरतं त्याचासुद्धा आवाज असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याच दिवशी घेऊन आले.

पुढचा आठवडा माझ्या संसारातला सर्वांत शांत आठवडा होता. घरातून आवाज येईनासा झाला. शेजारीण म्हणाली, "सेट इकला का काय?" मी दुपारची कामं उरकून, मुलं शाळेत असताना, आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायची. हे घरी असले तर बाहेरच्या खोलीत डोळ्यांवर ओला रुमाल टाकून झोपलेले. त्यांचा कॉल कधी येईल याचा मला अंदाज असायचा. लाईनवर किती गाड्या आहेत, कोण आधी गेलंय, त्यावरून बायका हिशेब बांधत. त्या दिवशीही मी बांधला होता. संध्याकाळच्या आधी कॉल येत नाही, असा.

तीन वाजून गेले असतील. रेकॉर्डची एक बाजू संपली, मी हेडफोन काढला आणि चहा टाकायला उठले. तेवढ्यात शेजारीण दळणाचा डबा कमरेवर घेऊन दारात.

"गार्डसाहेब गेले का? त्यांचा कॉल झालाय म्हनं मघाच."

"कुणी सांगितलं?"

"गिरणीत कळलं. साहेबांची गाडी दुसरा कुणी घेऊन चाललाय."

मी मागे वळून पाहिलं. हे झोपलेले होते. ओल्या रुमालाचं केव्हाच वाळून कडक फडकं झालं होतं.

मी हलवून उठवलं. ते उठले, युनिफॉर्म चढवला, बूट हातात घेऊनच बाहेर पडले. स्टेशनात पोचेपर्यंत राखीव गार्डाची पेटी गाडीच्या शेवटच्या डब्यात चढली होती. गाडी उशिरा सुटली आणि उशिराचं कारण कुणाच्या तरी नावावर लागणारच होतं.

कॉलमन दुसऱ्या दिवशी स्वत:हून आला. म्हातारा, पायाने लंगडा, सगळी कॉलनी त्याला आप्पा म्हणायची. दारातच बसला, आत येईना.

"वैनी, म्या तीनदा कडी वाजवली. नाव घिऊन हाक मारली. इचारा कुणालाबी."

"दाराला कुलूप नव्हतं, आप्पा."

"व्हय, न्हवतं. म्या बघितलं. पर तुमच्या घरात कायबी वाजत न्हवतं. तुमच्या घरात वाजत न्हाई म्हंजी तुमी घरात न्हाई, हे सगळ्या कॉलनीला ठावं हाय. म्हनलं, बाई मागच्या दारानं कुठं गेली असंल, साहेब नसतील. बाईमाणसाच्या दारावर किती धडका मारायच्या? फुडं अजून दोन कॉल द्यायचं हुतं. लिवलं बुकात, उत्तर न्हाई."

त्याच्यावर रागवायला जागाच नव्हती. एरवी त्याने बरोबर ओळखलं असतं. सगळ्या कॉलनीत चांगल्या कानांची म्हणून माहीत असलेल्या बाईच्या दारात तो उभा होता, आणि त्या बाईने कानांना झाकणं लावून घेतली होती.

खुलासा मागणारं पत्र चार दिवसांनी आलं. संध्याकाळी हे स्टुलावर कागद ठेवून लिहायला बसले. मी समोर बसले.

"खरं ते लिहा," मी म्हटलं. "बायको ऐकायला होती, तिच्या कानांवर हेडफोन होता, तिला ऐकू आलं नाही."

"ऑफिसात वाचून दाखवतील एकमेकांना."

"दाखवू द्या. मी सही करते. मी येऊन सांगते."

"ते तुला विचारत नाहीत. कॉल माझ्या नावाचा होता."

"पण चूक..."

"झोपलं कोण होतं?"

एवढं बोलून त्यांनी दोन ओळी लिहिल्या. गाढ झोपेमुळे हाक ऐकू आली नाही, यापुढे काळजी घेईन. घडी घातली, खिशात टाकली. आवाज चढवला असता तर मी उत्तर दिलं असतं. उत्तरं तयार होती माझ्याकडे, बरीच होती. ती तशीच राहिली.

यादी लागली तेव्हा तिच्यात त्यांच्या मागच्या माणसाचं नाव होतं, त्यांचं नव्हतं. घरी येऊन हिरवा-लाल झेंडा गुंडाळून खुंटीला लावला आणि म्हणाले, "अजून एक वर्ष." मग जेवले. भाजीत मीठ कमी होतं, ते मागून घेतलं. त्या विषयावर एवढंच. पुढे वर्षभरात एकदासुद्धा टोमणा नाही, भांडणातही नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं मला कितीदा तरी वाटलं.

हेडफोन मी कॉल चुकला त्याच आठवड्यात शिरूरला परत केला. मामा म्हणाले, "बिघडला का?" म्हटलं, "नाही, फारच चांगला चालतो."

ते वर्ष मी दाराजवळ काढलं. निवडणं, टिपणं, शिवण, सगळं बाहेरच्या खोलीत. कानाला असं वळण लागलं की पलीकडच्या लाइनीतल्या घराची कडी वाजली तरी मी उठायची. छपरावर कावळा उतरला तरी उठायची. न आलेले कॉल मला ऐकू येत. शेजारीण म्हणायची, "वैनी, बसा की जरा, का अंगाला मुंग्या लागल्यात?" त्या वर्षात एकही कॉल चुकला नाही. आप्पा तर हाक मारायच्या आधीच बुक पुढे करायला लागला, कारण त्याची लंगडी चाल फाटकात शिरली की मी दार उघडलेलं असायचं.

आणि हौस? ती कमी झाली असं मला वाटलं होतं. झाली नव्हती. मामांचं कार्ड यायचं, अमुक नवीन आलंय, येऊन ऐकून जा. मी कार्ड पिठाच्या डब्यामागे ठेवायची आणि पीठ काढताना वाचायची. माहेरी गेले की बाजारपेठेतून न जाता मागच्या आळीने जायची. आबांच्या ते लक्षात आलं. "मिस्त्रीचं देणं हाय का काय तुझ्याकडं?" म्हणाले. मी काय झालं ते सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोडलं तर बदलावं. मोडल्याबगर बदलायचं न्हाई, एवढंच धर."

नियम साधा होता. मी तो धरला आणि मग काहीतरी मोडण्याची वाट बघायला लागले. बटण जरा जास्तच जोरात फिरवायची. वायरी ओढून बघायची. पेट्या उघडायची, आतली धूळ पुसायची, स्पीकरचा कागद कुठे फाटलाय का शोधायची. फाटलेला नसायचा. एकदा फडताळावरून प्लेअर खाली घेताना हात सैल सोडावा असं मनात आलं. सोडला नाही, पण आलं होतं. मग तो तसाच परत वर ठेवला आणि बाहेर जाऊन सगळं अंगण झाडून काढलं. सकाळीच झाडलेलं होतं.

पुढच्या वर्षीच्या यादीत यांचं नाव आलं. पॅसेंजर मिळाली. सकाळी ठरलेल्या वेळेला निघायचं, ठरलेल्या वेळेला परत. पहिल्या आठवड्यात त्यांना झोपच येईना, इतकी रात्रीची झोप त्यांना नवी होती. एका रविवारी चहा पिता पिता म्हणाले, "आता तो हेडफोन आण. कॉल संपले. आता कुणी हाक मारणार नाही."

"नको."

"का नको? मी सांगतोय ना."

त्यांनी सांगितलं म्हणून मी गेले. खरं तर सांगायची वाटच बघत होते. शिरूरला उतरून या वेळी सरळ बाजारपेठेतून गेले. मामा खूश. स्टूल पुसून दिलं.

"साहेब पॅसिंजरला लागले, कळलं मला. आता कसली अडचण? तो जुना गेला, त्याच्याहून भारी आलाय. हे घ्या."

नवा हेडफोन हलका होता. मामांनी रेकॉर्ड लावली. मी ऐकलं. आवाज खरंच आधीच्यापेक्षा चांगला होता, मोकळा. वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

"ताई, दोनी कानांवर लावा की. एका कानानं काय कळणार?"

माझ्या हाताने डावी वाटी कानाच्या मागे सरकवली होती. मला कळलंच नव्हतं. मी ती कानावर आणली आणि बसून राहिले. गाणं पुढे चाललं. मी दुकानाच्या दाराकडे बघत होते. दारात कुणी नव्हतं, रस्त्यावरून एक सायकलवाला गेला. थोड्या वेळाने पाहिलं तर वाटी पुन्हा मागे गेलेली.

"आवडला न्हाई का?"

"आवडला."

"मग बांधू?"

"नको, मामा."

"इचार करून सांगा. ठेवतो मी बाजूला."

"ठेवू नका. कुणी आलं तर द्या."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले. चौफुल्यापर्यंत मी दोनदा ठरवलं की उतरून उलटी बस पकडायची. उतरले नाही. घरी पोचले तेव्हा हे उद्याच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होते.

"आणला?"

"नाही."

"का? वाईट होता?"

"चांगला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पँटची घडी सरळ केली आणि म्हणाले, "बरं."

मी हातपाय धुतले आणि कणीक भिजवायला घेतली. मळता मळता ठरवलं, आता पुढच्या खेपेला मामांच्या दुकानात जायचं नाही. पुढच्या खेपेला ते मला पुन्हा पहिल्यापासून ठरवावं लागलं. त्याच्या पुढच्या खेपेलाही.